मानाचं पिवळं निशाण

फार जुन्या काळची गोष्ट. समुद्राकाठी एक राज्य होतं आणि त्या राज्याचं सगळं येणंजाणं एका खाडीच्या तोंडातून चालायचं. ऐकणाऱ्यांनो, तुम्ही लहान असा की मोठे, ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढला तर रागावू नका. ती शांतपणे सांगणं मला अजून जमलेलं नाही.

त्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची सात खडपं होती. लोक त्यांना सात जावा म्हणत. एकीनं डोकं वर काढलं की दुसरी पाण्यात तोंड लपवायची. भरतीला एक वाट मोकळी, ओहोटीला दुसरीच. ज्याला या जावांचे स्वभाव ठाऊक नाहीत, त्याची होडी फुटलीच म्हणून समजा.

म्हणून तिथल्या टेकडीवर एक विद्यापीठ होतं. तिथं एकच विद्या शिकवत, होड्यांना खाडीतून सुखरूप न्यायची. सात वर्षं शिकायचं. मग परीक्षा. डोळ्यांना पट्टी बांधायची आणि नुसत्या पाण्याच्या आवाजावर, वल्ह्याला लागणाऱ्या ओढीवर होडी सातही जावांमधून बाहेर काढायची. जो काढील त्याला पिवळं निशाण मिळे. आणि रीत अशी होती, की पुढच्या होडीवर पिवळं निशाण दिसलं की मागच्यानं काही विचारायचं नाही, मुकाट मागोमाग जायचं. खाडीच्या तोंडात विचारायला वेळ कुठला? पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्या वीतभर कापडाच्या भरवशावर पोरंबाळं घेऊन समुद्रात उतरत होती.

विद्यापीठातले सगळ्यांत जुने शिक्षक म्हणजे रायाजी तांडेल. माणूस मायाळू, पण परीक्षेला बसला की दगड. त्यांची लेक मंजुळा तिथंच शिकत होती. परीक्षेच्या दिवशी तिनं सहा जावा बिनचूक ओलांडल्या. सातवी, धाकटी, तिथं होडीची कड अर्धा हात आत गेली. होडी घासलीसुद्धा नाही. रायाजींनी लेकीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि म्हणाले, "नापास."

"आबा, अर्धाच हात गेला हो!"

"मागच्या होडीत चाळीस माणसं बसलेली असतील, तर तो अर्धा हात त्यांच्या जिवाचा असतो. वर्षभर धाकटीपाशी सराव कर. मग ये."

मंजुळा दोन दिवस बापाशी बोलली नाही. रायाजींनाही घास गेला नाही. पण तिसऱ्या दिवशी ती छोटी होडी काढून धाकटीपाशी जाऊ लागली, आणि रायाजी टेकडीवरून तिच्याकडे बघत राहिले.

त्याच वर्षी राज्याच्या कारभाऱ्यांच्या मनात आलं, की आपल्यालाही पिवळं निशाण पाहिजे.

हे कारभारी म्हणजे भाषणांचे राजे. पाण्यात पाय घातला असेल तर आंघोळीपुरता! पण दिवाणाची जागा रिकामी झाली होती आणि राजाच्या नजरेत भरायला अंगावर काहीतरी मान हवा होता. मग काय, निरोप गेला. कुलगुरूंनी तो दोन्ही हातांनी झेलला आणि पाच जुन्या शिक्षकांची बैठक बोलावली. निशाण द्यायचं तर त्यावर पाचही जणांच्या सह्या लागत. एक जरी अडली तरी निशाण अडलं, असा जुना नियम होता.

"कारभारी आपल्याला दगडी धक्का बांधून देणार आहेत," कुलगुरू म्हणाले. "आपला लाकडी धक्का कुजलाय. गेल्या वर्षी दोन मुलांचे पाय मोडले."

"धक्का बांधणं हे त्यांचं कामच आहे," रायाजी म्हणाले. "शाल द्या, नारळ द्या, मिरवणूक काढा. निशाण कशाला?"

"अहो, मानाचं आहे ते. नुसतं मानाचं."

"मग रंग वेगळा करा. निळं द्या, तांबडं द्या."

कोपऱ्यात कारभाऱ्यांचा चिटणीस बसला होता. तो हसून म्हणाला, "पिवळंच हवं. निळ्याला कोण विचारतो?"

बघा, त्यालासुद्धा कळत होतं! पिवळ्याला लोक विचारतात, कारण त्यामागं सात वर्षांचं खारं पाणी असतं. दुसऱ्यांनी गाळलेला घाम यांना आयता अंगावर घालून मिरवायचा होता.

"आपण अट घालू," कुलगुरूंनी तोडगा काढला. "निशाण दिवाणखान्यात टांगायचं. होडीवर लावायचं नाही. झालं तर मग?"

चौघांनी सह्या केल्या. रायाजी उठून गेले.

गावात एकच गलका झाला. बाजारात मासळी विकणारी एक बाई भर रस्त्यात ओरडली, "माझा पोरगा सात वर्षं पाण्यात कुजला, हाताची सालं गेली त्याची. आणि ह्यानं काय केलं रे? भाषण?" कारभाऱ्यांची माणसं म्हणाली, "मोठ्या माणसाचा मान बघवत नाही तुम्हाला. पोटात दुखतंय!" विद्यार्थी विद्यापीठाच्या पायऱ्यांवर वल्ही उलटी धरून बसले. तीन दिवस झाले, पाच झाले, कुणी उठेना. सगळ्यांत पुढं बसली होती मंजुळा.

आठव्या दिवशी कुलगुरू रायाजींच्या घरी आले. आवाज अगदी मऊ. "रायाजी, पायऱ्यांवर बसलेल्यांची नावं पटावरून काढायचं ठरतंय. पहिलं नाव तुमच्या लेकीचं आहे. तिची सात वर्षं पाण्यात जातील हो. एका सहीचा तर प्रश्न आहे."

रायाजी रात्रभर तळमळले. एका कापडाच्या तुकड्यानं काय बिघडणार आहे, दिवाणखान्यात तर लटकणार, असं त्यांनी मनाला शंभरदा समजावलं. सकाळी जाऊन त्यांनी सही केली.

मंजुळाला कळलं तेव्हा ती घरी आली आणि दारातच उभी राहिली.

"आबा, मला अर्धा हात माफ केला नाहीत," ती म्हणाली, "आणि त्याला अख्खी खाडी माफ केलीत?"

ज्या हातानं तिची पट्टी सोडली होती, तो सहीचा हात रायाजींनी पाठीमागं नेला.

समारंभ झाला. हार झाले, तुताऱ्या झाल्या. कारभाऱ्यांनी पाण्याचं महत्त्व या विषयावर लांबलचक भाषण केलं. रेशमी, चांगलं चादरीएवढं पिवळं निशाण त्यांना देण्यात आलं. खऱ्या निशाणांहून मोठं, बरं का! दगडी धक्काही बांधून झाला आणि त्यावर कारभाऱ्यांचं नाव कोरलं गेलं.

पुढच्या चैत्रात खाडीपलीकडच्या बेटावर देवीची जत्रा भरली. दरवर्षीसारख्या चाळीस होड्या निघाल्या. म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरं, नारळांची पोती, सगळं गच्च भरलेलं. पुढं वाट दाखवायला रायाजी आपली जुनी होडी आणि विटकं पिवळं निशाण घेऊन तयार होते. दुपार कलत होती. ओहोटी लागली होती.

तेवढ्यात ढोल वाजले आणि कारभाऱ्यांची शोभेची होडी समोर आली. डोलकाठीवर ते चादरीएवढं निशाण फडफडत होतं.

"आज वाट मी दाखवणार!" कारभारी ओरडले.

रायाजींनी धक्क्यावर उभ्या कुलगुरूंकडे बघितलं. "अट होती ना आपली?"

"एकदाच हो, रायाजी," कुलगुरू कसनुसं हसले. "सणाचा दिवस आहे. चारचौघांत कसं अडवायचं?"

कारभाऱ्यांनी सकाळी भरतीच्या वेळी होड्या कोणत्या वाटेनं जातात ते धक्क्यावरून बघून ठेवलं होतं. तीच सरळ धरली. ओहोटीची वाट उजवीकडून वळसा घेते, हे त्यांना कोण सांगणार? रायाजी जिवाच्या आकांतानं वल्ही मारत उजवीकडे वळले आणि आपलं निशाण उंच धरून हाका मारू लागले. "इकडं! इकडं या!"

आता बघा काय झालं ते. त्या खाडीत पहिल्यांदाच दोन पिवळी निशाणं दोन वाटांना लागली. मागच्या चाळीस होड्या गोंधळल्या. निशाण दिसलं की विचारायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. त्यातलं कोणतं खरं, हे ओळखायला कुणी कधी शिकवलंच नव्हतं, कारण खोटं निशाण असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. अकरा होड्यांनी रायाजींची होडी ओळखली. त्या उजवीकडे वळल्या. बाकीच्या एकोणतीस होड्या त्या मोठ्या निशाणामागं गेल्या.

सरळ वाटेवर धाकटी पाण्याखाली दबा धरून होती. आणि तिथंच, आपल्या छोट्या होडीत उभी राहून मंजुळा दोन्ही हातांनी वल्हं हलवत होती. इतके महिने सराव करून धाकटीचा कण न्‌ कण तिला पाठ झाला होता. "मागं फिरा! धाकटी वर आलीय! मागं फिरा!"

कारभाऱ्यांची होडी रिकामी, हलकी. ती धाकटीवरून सुळकन निघून गेली. त्यांना पत्ताही लागला नाही.

पहिली भरलेली होडी जवळ आली. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पदरात नारळ घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं मंजुळाला विचारलं, "पोरी, तुझं निशाण कुठं आहे ग?"

"निशाण नाही माझ्याकडं, आजी! पण खडप आहे, ऐका माझं!"

"निशाण नाही, मग बाजूला हो बाई," नावाडी ओरडला. त्याचं तरी काय चुकलं? तो रीतीनं चालला होता.

होडी धाकटीवर चढली आणि मधोमध फुटली. मागची तिच्यावर आदळली. तिच्यामागची दुसरीवर. ओहोटीच्या ओढीत थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नव्हतं. सात होड्या फुटल्या तेव्हा कुठं बाकीच्यांनी कशीबशी तोंडं फिरवली. मंजुळानं केसांना धरून, हातांना धरून जितकी ओढता येतील तितकी माणसं ओढली. रायाजींनी अकरा होड्या पार केल्या आणि उलटे आले. तरी नऊ माणसं गेली. ती नारळवाली म्हातारी त्यांत होती.

आणि कारभारी? ते पलीकडच्या काठावर कोरडे उतरले. म्हणाले, "मी तर नीट आलो. मागच्यांना नीट येता आलं नाही, त्याला मी काय करू?"

ऐकलंत? नऊ चिता जळत होत्या आणि हा माणूस मागच्यांना नावं ठेवत होता!

विद्यापीठात चौकशी बसली. वारा अचानक फिरला, असा निकाल लागला. रायाजी भर सभेत उभे राहिले.

"वारा फिरला नाही. आपण फिरलो. पाचवी सही माझी होती. मी ती केली नसती, तर ती नऊ माणसं आज जेवायला घरी असती. माझ्याकडचं निशाण घ्या, मला ते शोभत नाही. पण त्यांच्याकडचंही परत मागा."

कुलगुरूंनी घसा खाकरला. "दिलेला मान परत घ्यायची आपल्याकडं पद्धत नाही."

निशाण कारभाऱ्यांकडेच राहिलं. इतकंच काय, पुढं शेजारच्या राज्यातल्या वैद्यांनीही त्यांना बोलावून आपला मान दिला. तिथल्या आजाऱ्यांचं काय झालं ते मला विचारू नका.

सरावाचं वर्ष सरलं. मंजुळानं डोळे बांधून सातही जावा ओलांडल्या, धाकटीपाशी बोटभरसुद्धा न चुकता. तिला पिवळं निशाण मिळालं. आठ वर्षांच्या मेहनतीचं, खरं. ते होडीवर लावून ती दगडी धक्क्यापाशी आली. बेटावर जायला बारा होड्या उभ्या होत्या. रायाजी धक्क्यावर, त्या कोरलेल्या नावाशेजारी, लेकीला बघायला बसले होते.

मंजुळानं होडी पुढं काढली. थोडं गेल्यावर तिनं वळून बघितलं. मागं एकही होडी नव्हती.

बाराही होड्या जागच्या जागी होत्या. पोरं आयांना चिकटून बसली होती. सगळे त्या पिवळ्या कापडाकडे बघत होते. शेवटी एका नावाड्यानं हाक मारली, "पोरी, राग मानू नकोस. हे निशाण खरं आहे की मानाचं?"

मंजुळानं तोंड उघडलं, पण कापड दाखवून ते खरं आहे हे सांगायचं कसं? रंग तोच होता. त्यावरच्या सह्याही विद्यापीठाच्याच होत्या. तिनं धक्क्याकडे, बापाकडे बघितलं. रायाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग नावाड्यांनी दोर पुन्हा खुंट्यांना बांधले आणि माणसं पोरांना घेऊन घरी परतली.

तात्पर्य : अपात्राला फुकट वाटलेला मान त्याला मोठा करत नाही, पण पात्र माणसावरचा जगाचा विश्वास मात्र बुडवतो.