सनईवाल्याचा कठडा

पिढ्या मोजायला बसलात तर हातापायांची बोटं पुरणार नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट आहे, मंडळी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावच्या देवीच्या देवळाला दोन दरवाजे होते, एक उगवतीला आणि एक मावळतीला. दोन्ही दरवाजांवर नगारखाना होता. जत्रेच्या दिवशी दोन्हीकडे वाजंत्री बसत. दुपारपासून तीन फेऱ्या वाजवायच्या आणि मध्ये दोन विसावे घ्यायचे, अशी रीत होती. तिसरी फेरी संपताना ज्या दरवाजापुढे गर्दी जास्त, त्या ताफ्याला देवीच्या पालखीपुढे वाजवायचा मान मिळे.

उगवतीच्या दरवाजावर गुणाजीची सनई असे. सात पिढ्या तो मान त्याच्या घरातून हलला नव्हता. गुणाजी वाजवायचाही तसाच. भांडायला निघालेली माणसं वाटेत थांबून ऐकत आणि कशाला निघालो होतो तेच विसरत.

पण गडी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. विसाव्यात कुणी खालून हाक मारी, कुणी गूळपाणी घेऊन जिना चढे. गुणाजीला ते मुळीच खपत नसे.

"आपल्याला घाम पुसताना लोकांनी पाहिलं की सनईचा मान गेला," तो म्हणे.

त्या वर्षी त्याने पाटलांच्या मागे लागून नगारखान्याचा कठडा पुरुषभर उंच करून घेतला. आता खालून कुणाला काही दिसत नव्हतं. गुणाजी खूश झाला.

जत्रा भरली. पाळणे फिरू लागले, रेवड्यांच्या राशी लागल्या, पोरासोरांनी पिपाण्यांचा कल्ला केला. पहिली फेरी झाली आणि गुणाजीच्या जोडीचा नगारची येसाजी विसाव्यात खाली पळाला. तो परतला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत जिलेबी होती.

"लोक काय म्हणतात?" गुणाजीने विचारलं.

"काय म्हणणार? नगाऱ्यानं धरणी हादरली म्हणतात," येसाजी बोटं चाटत म्हणाला. सनईचं त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. ज्याला त्याला आपलंच कौतुक गोड लागतं.

दुसऱ्या फेरीत गुणाजीने जीव ओतला. मग कठड्याच्या फटीतून त्याने खाली पाहिलं. निम्मी माणसं उठून मावळतीकडे चालली होती. सात पिढ्यांचा मान डोळ्यांदेखत पाय काढून निघाला होता.

दुसरा विसावा सुरू झाला. गुणाजीला बसवेना. डोक्यावरून शेला ओढून घेऊन तो जिना उतरला, विसाव्यात जन्मात पहिल्यांदा.

दरवाजाच्या पायरीशी एक म्हातारी कासारीण एका मुलीला बांगड्या भरत होती.

"आजी, लोक का उठून चाललेत?"

"नुसता नगारा किती येळ ऐकायचा, लेकरा?" मान वर न करता म्हातारी म्हणाली. "यंदा सनईवाला आला न्हाई वाटतं. आजारी असंल बिचारा. मघाशीच देवीला सांगून आले, म्हनलं त्याला उतार पडू दे."

गुणाजी दोन पावलं मागे सरला. त्याने वर पाहिलं. वर त्याचाच कठडा उभा होता. नगारा त्याच्यावरून गरजत आला होता आणि सनई आतल्या आत राहिली होती. त्याला लाज वाटली आणि म्हातारीच्या मायेने ती आणखीच वाढली.

मग तो जो धावत सुटला, तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला.

"येसाजी, नगारा उचल! खाली वाजवायचं."

"खाली? लोकांत? अरे, तुझा मान..."

"मान पाहायला खाली कोणी उरलं तर पाहू."

बांगड्यांच्या टोपलीशेजारी उभं राहून गुणाजीने सनई ओठांना लावली. पहिला सूर निघाला आणि मावळतीच्या वाटेवरची माणसं जागच्या जागी थबकली. मग ती वळली, मग पळाली. पाळणे थांबले, रेवड्यावाला तराजू टाकून आला, पोरांनी पिपाण्या खिशात घातल्या. दरवाजापुढचं अंगण फुललं. कुणी झाडावर चढलं, कुणी बापाच्या खांद्यावर बसलं. गुणाजीने इतक्या आनंदाने कधीच वाजवलं नव्हतं, कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे त्याने इतक्या जवळून कधी पाहिलेच नव्हते.

फेरी संपली. म्हातारीने त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"बरा झालास व्हय रे?" ती म्हणाली.

"आत्ताच झालो, आजी," गुणाजी म्हणाला आणि तिच्या पाया पडला.

त्या वर्षीही पालखीपुढे त्याचीच सनई वाजली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हातांनी कठडा उतरवला आणि त्याच दगडांचा दरवाजाखाली ओटा बांधला. पुढे दर जत्रेत, दर विसाव्यात तो त्या ओट्यावर येऊन बसे. कुणी वाहवा करू लागलं की तो हात जोडे आणि मागच्या रांगेतल्या माणसाला विचारी, "तिथवर ऐकू येतंय ना?"

म्हणून म्हणतात, लोकांत उतरावं ते वाहवा वेचायला नव्हे, कान द्यायला.