सातबारा मिळणारे चपलांचे दुकान

एका तालुक्याच्या गावी एकदा एक म्हातारा वेबसाइटी बांधून देत असे. यात हसण्यासारखे काही नाही. कुणी विहिरी बांधतो, कुणी घरे बांधतो, हा वेबसाइटी बांधायचा. शाळा चौथीपर्यंत झालेली, तोंडात दात मोजके, आणि स्वभाव असा की गिऱ्हाइकाने एकच प्रश्न दोनदा विचारला तर त्याला दाराबाहेर काढायचा. तरीही लोक त्याच्याचकडे येत, कारण त्याने बांधलेली वेबसाइट शोधणाऱ्याला सापडत असे. सगळा गाव त्याला आप्पा म्हणे.

आप्पांकडे एक शिष्य होता. कॉलेज शिकलेला, बोटे चपळ, डोके त्याहून चपळ, आणि धीर म्हणून अंगी औषधालाही नाही. काम हाती आले की हा लगेच लॅपटॉप उघडून रंग निवडायला बसे.

एके दिवशी त्यांच्याकडे चपलांचा एक व्यापारी आला. गाव त्याला शेठ म्हणे. त्याच्या दुकानात पुढे तयार चपला-बूट होते, आणि मागे एक लहानसा कारखाना होता. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटे मधुमेहाने गेलेली, कुणाची टाच वाकडी. ज्या पायांना बाजारात चप्पल मिळत नाही, त्यांचे माप घेऊन तिथे चपला शिवल्या जात. व्यापाऱ्याच्या वडिलांनी तो कारखाना उभा केला होता. आता कारागीर दिवसभर बसून असत.

"दिवाळीपर्यंत वाट बघतो, आप्पा," व्यापारी म्हणाला. "नाही चाललं तर मागची जागा मोबाइलवाल्याला भाड्याने देऊन टाकतो. कारागीर जातील आपापल्या गावी. वडिलांच्या फोटोसमोर उभा राहून नाक घासेन, दुसरं काय करणार? तेव्हा वेबसाइट अशी बांधा की कुणी काहीही शोधलं तरी पहिलं नाव माझंच आलं पाहिजे."

"काहीही शोधलं तरी?" आप्पांनी विचारले.

"काहीही."

"कुणाचं गाढव हरवलं आणि तो गाढव शोधत असला तरी?"

शेठ हसले. आप्पा हसले नाहीत.

शिष्याने तोवर लॅपटॉप उघडला होता. आप्पांनी त्याचे झाकण खाली केले. "आधी जाऊन त्या दुकानात बस. कोण येतं, काय विचारतं, कोणत्या शब्दांत विचारतं, ते ऐक. मग कुठलं पान कशासाठी, ते ठरवू. बांधायचं त्यानंतर."

शिष्य दुकानात जाऊन बसला. गिऱ्हाईक क्वचित येई. संध्याकाळी आप्पा विचारत, "आज काय ऐकलंस?" तो म्हणे, "काही नाही." आप्पा म्हणत, "मग उद्या परत बस." असे बरेच दिवस चालले आणि शिष्याच्या मस्तकात तिडीक गेली. जग कुठच्या कुठे चालले आहे, आणि हा म्हातारा आपल्याला चपलांच्या ढिगात माश्या मारायला बसवतो! दिवाळी काय याच्या सोयीने थांबणार आहे?

मग त्याने आप्पांना न सांगता, दुकानातच बसून वेबसाइट बांधून टाकली. वर शेठजींचा फीत कापतानाचा भलामोठा फोटो. तो खेड्यातल्या फोनवर उघडेपर्यंत माणसाने चहा पिऊन घ्यावा. त्याखाली, 'पादत्राण क्षेत्रातील अग्रगण्य नाव'. आणि सगळ्यात तळाशी त्याने आपली खरी हुशारी दाखवली. आपल्या भागातले लोक मोबाइलवर सर्वांत जास्त काय शोधतात ते त्याने काढले आणि ते सगळे शब्द पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, माणसाला दिसू नयेत पण शोधयंत्राला वाचता यावेत असे, भरून ठेवले. सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, नोकरभरतीचे अर्ज, आजचा कांद्याचा भाव.

आणि लोक आले! वेबसाइट पाहणाऱ्यांचा आकडा रोज फुगू लागला. शेठजींनी पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच फोन वाजला.

"हॅलो, कांदा काय चाललाय आज?"

"अहो, हे चपलांचं दुकान आहे."

"मग कांद्याचं कशाला लिहिलंय? रिकामटेकडे आहात का?"

हा पहिला फोन. त्यानंतर ते थांबेनातच. आठवडा सरेपर्यंत शेठजींचा घसा बसला. ते पाय आपटत आप्पांकडे आले. "जेवताना फोन, झोपताना फोन! एक बाई रडत होती, पोराच्या नोकरीचा अर्ज भरून द्या म्हणून. विक्री म्हणाल तर चपलेच्या एका अंगठ्याचीही नाही! काय बांधलंत हे?"

काय बांधले ते आप्पांना तेव्हा कळले. ते शिष्याकडे वळले.

शिष्य मागे हटला नाही. "आप्पा, लोक तर आले की नाही? आधी गर्दी जमू दे. गर्दीतून गिऱ्हाईक निघतंच."

शिष्याला वाटले, आता शिव्यांचा पाऊस पडणार. पण आप्पांनी फक्त बाजाराचा दिवस कधी आहे ते विचारले. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

बाजाराच्या दिवशी सकाळी आप्पा एक फळी आणि रंगाचा डबा घेऊन दुकानाशी आले. फळीवर मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'सातबारा, दाखले, नोकरीचे अर्ज, कांद्याचा आजचा भाव. सर्व येथे मिळेल.' फळी दुकानाच्या दारावर टांगली आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

"आप्पा, हे काय?" शेठ ओरडले.

"तुमच्याच पानावरचं आहे. माझ्या पदरचं काही नाही. तिथे पांढऱ्यात होतं, इथे काळ्यात लिहिलंय."

थोड्याच वेळात दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. पिशव्या, कागद, कोंबड्या, कडेवरची पोरे. शेठ एकेकाला चप्पल दाखवू पाहत होते आणि एकेकजण भडकत होता.

"दोनदा गट नंबर सांगितला," एक शेतकरी गरजला, "आणि हा मला नऊ नंबरची चप्पल दाखवतोय! डोक्यात घालू का ती तुझ्या?"

"काका, पण बघा तरी, पट्टा चांगला—"

"पट्टा? माझी गाडी चुकली तुझ्या पट्ट्यापायी!"

एका म्हातारीने टोकन मागितले. कुणी विचारले, साहेब जेवायला गेलेत का? धक्काबुक्कीत मांडणी कोसळली आणि बुटांचा ढीग लोकांच्या पायांत आला. शेठजींनी डोक्याला हात लावला. "आप्पा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"गर्दी पाहिजे होती ना?" आप्पा म्हणाले.

मग ते उठले आणि त्यांनी फळी काढली. दारात उभे राहून त्यांनी प्रत्येकासमोर हात जोडले. "चूक आमची आहे. तलाठ्याचं कार्यालय पलीकडच्या गल्लीत." कुणी काय काय ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही. आप्पांनी सगळे ऐकून घेतले. उलट एकालाही बोलले नाहीत, आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेले असेल ते त्यांनाच ठाऊक.

दुकान रिकामे झाल्यावर ते शिष्याला म्हणाले, "पायाला फडकं गुंडाळलेली एक बाई आली होती. पायरीपर्यंत आली, आत बघितलं आणि परत फिरली. पाहिलीस?"

"नाही, आप्पा."

"कशी दिसेल? तू गर्दी बघत होतास. जा, तिला गाठ. ती काय शोधत होती ते विचार आणि तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे घेऊन ये. त्यात तुझी अक्कल घालू नकोस."

शिष्य चरफडत निघाला. उन्हात सगळा बाजार तुडवला. शेवटी एसटी स्टँडवर, अगदी कडेच्या बाकावर, ती दिसली. एक पाय फडक्यात बांधलेला, आणि तळाला टायरचा तुकडा सुतळीने आवळलेला.

"मावशी, मघाशी चपलांच्या दुकानाशी आला होतात ना?"

"आले व्हते. पर ते दुकान ऱ्हायलंय कुठं? सातबाऱ्याचं हापिस झालंय तिथं."

"दुकान आहे, मावशी. तुम्हाला काय पाहिजे होतं?"

बाईने इकडेतिकडे पाहिले आणि पदर ओढून पायावर घेतला. "सुजलेल्या पायात घालायला काय मिळंल का, ते बघायचं व्हतं. हत्तीपाय म्हनत्यात ह्याला. उन्हाचं डांबर लई भाजतं, बाबा. भाचीनं मोबाइलमधी हुडकलं, 'सुजलेल्या पायासाठी चप्पल' म्हनून. पोरांचं खेळायचं बूट दावतंय ते! मग कुनीतरी ह्या दुकानाचं सांगितलं."

"मग पायरीवरून परत का फिरलात? हाक मारायची."

"मानसं किती व्हती आत! माझ्या पायाकडं बगून पोरं हासत्यात. म्या कुठल्याबी दुकानात आदी वाकून बगते. कुनी नसलं तर चढते. असलं तर जाते निघून."

ज्या गर्दीचे शिष्याने पेढे खाल्ले होते, ती गर्दी या बाईच्या वाटेत उभी होती. आणि ती त्यानेच आणून उभी केली होती. तो म्हणाला, "आता कुणी नाही, मावशी. चला." आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो दुसऱ्याच्या पायाने, सावकाश चालला.

दुकानात शेठ पडलेले बूट गोळा करत होते. बाईला पाहून ते कारागिराला हाक मारणार होते, पण थांबले. स्वतःच खाली बसले, फडके सोडले आणि तो पाय कागदावर ठेवून पेन्सिल हातात घेतली.

बाहेर पायरीवर आप्पा शिष्याला म्हणाले, "शोधायला निघालेला माणूस अडचणीत असतो. तो आपल्या दुखण्याच्या भाषेत विचारतो. आणि दुकानदार उत्तर देतो आपल्या ऐटीच्या भाषेत, अग्रगण्य आणि फिग्रगण्य. दोघांची गाठ पडायची कशी? वेबसाइट बांधायची म्हणजे त्या बाईच्या प्रश्नापासून या पायरीपर्यंत वाट करून द्यायची, आणि मग त्या वाटेत आपण उभं राहायचं नाही. ज्यांना तू खोटं सांगून बोलावलंस ते शिव्या देऊन गेले. आज शोधयंत्र तुला फसलं. उद्या त्यालाही कळेल की तुझ्याकडे आलेला माणूस आल्या पावली परत जातो, आणि ते तुझं नाव तळाला नेऊन टाकील. त्याच्या जागी मी असतो तर आजच टाकलं असतं. काय म्हणाली बाई?"

शिष्याने बाईचे शब्द सांगितले, एकही अक्षर न बदलता.

"मग तेच पहिल्या पानाचं नाव."

शिष्याने पांढरी अक्षरे पुसली आणि फीत कापणारे शेठ काढून टाकले. त्यावरून शेठ थोडे रुसले. तो पुन्हा दुकानात जाऊन बसला. ज्यांची मापे पूर्वी घेतली होती त्यांच्या घरीही गेला आणि विचारत राहिला. एक पाय आखूड असणाऱ्यांसाठी वेगळे पान झाले, साखरेच्या आजाराने बोटे गेलेल्यांसाठी वेगळे. प्रत्येक पानाचे नाव लोकांच्या तोंडचे. फोटो चपलांचे, लहान आकाराचे, साध्या फोनवरही झटकन उघडणारे. कुठे उतरायचे, कुठून वळायचे, चपलेला किती दिवस लागतील, माणूस येऊ शकत नसेल तर घरी माप कसे काढायचे, हे सगळे सरळ लिहिले. 'गर्दी नको असेल तर आधी फोन करा, दुकान रिकामे ठेवू', हे वाक्य शिष्याने स्वतःच घातले. आप्पांनी ते वाचले आणि खोडले नाही.

पाहणाऱ्यांचा आकडा कोसळला. शेठ कुरकुरले. फोन दिवसदिवस वाजेना. पण वाजला की पलीकडचा माणूस जरा थांबून, आवाज उतरवून विचारी, "आईला घेऊन आलो तर चालेल का?"

दिवाळी तोंडावर आली आणि मोबाइलवाला जागा पाहायला आला. शेठ जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर एक परगावचे गृहस्थ, त्यांचा पाय शेठजींच्या हातात. मागून हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

"शेठ, जागेचं बोलायचं होतं. मग दिवाळीनंतर येऊ का?"

"कशाला?" शेठ म्हणाले, आणि मान वर न करता त्यांनी पेन्सिल टाचेभोवती फिरवली.

वेबसाइट बांधू पाहणाऱ्यांनी आधी एवढे करावे. जिच्यासाठी बांधायची, ती बाई कुठून परत फिरते ते जाऊन पाहावे. रंग मागाहून निवडता येतो.