तळ्यातला पत्ता

"कुठलाही पत्ता?"

"कुठलाही, तात्या. तुम्ही नुसतं बोला."

कुंभारशेत आणि आसपासच्या वस्त्यांवर गंगाराम तात्या पडवळांनी छत्तीस वर्षं टपाल वाटलं होतं. निवृत्त झाले तरी वाट चुकलेला माणूस आधी त्यांच्याच ओट्यावर यायचा. त्यांच्या मागे हिंडून वाटा शिकलेला श्रीनाथ आज पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला होता. पत्ता टाइप केला की नकाशावर ठिपका आणि त्याचे अक्षांश-रेखांश देणारं अ‍ॅप त्याने बनवलं होतं. उद्यापासून तालुक्याची रुग्णवाहिका त्याच्यावर चालणार होती. तात्यांची शाबासकी तेवढी राहिली होती.

गुरूला गुरूच्याच विद्येत मागे टाकल्याचा आनंद काही औरच. तो श्रीनाथच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"दहा हजार पत्ते घालून पाहिले, तात्या. एकदाही 'माहीत नाही' म्हणालं नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही!"

तात्यांनी चुलीजवळचा कोळशाचा तुकडा उचलला.

"भानुदास खोपडे, वरची आळी."

श्रीनाथने आकडे वाचले. सतरा पॉइंट सहा एक चार... तात्यांनी ते ओट्यावर नीट लिहून घेतले.

"हिराबाई मोहिते, पाणंदीच्या टोकाला."

श्रीनाथने पुन्हा वाचले. आवाजात तोच तोरा. या वेळी तात्यांनी काही लिहिलं नाही. पहिल्या आकड्यांखाली फक्त एक रेघ ओढली.

"आता पोपट आळी."

श्रीनाथने वाचले. तात्यांनी दुसरी रेघ ओढली.

मग कुठे त्याची नजर खाली गेली. तिन्ही वेळा आकडे तेच आले होते.

"तात्या... पोपट आळी कुठे आली आपल्या गावात?"

"नाहीच. आत्ता मी वसवली."

"घर सापडलं नाही की ते गावाचा मध्य देतं," श्रीनाथ हळूच म्हणाला.

"तसं सांगतं का?"

"नाही... ठिपका दाखवतं."

"दाखव बघू."

श्रीनाथने नकाशा मोठा केला. ठिपका नकाशावरच्या निळ्या भागात, पाण्यात होता. दोघांनी ओट्यावरून खाली पाहिलं. गावाच्या मधोमध तळं होतं आणि तळ्यात म्हशी निवांत डुंबत होत्या.

श्रीनाथला हसू आलं. तात्या हसले नाहीत.

"हिराबाईला दम्याचा विकार आहे," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात दोनदा गाडी बोलवावी लागली."

श्रीनाथचं हसू जागच्या जागी विरलं. त्याला स्वतःची लाज वाटली. पण दोन वर्षांच्या मेहनतीचा अभिमान असा एका दुपारीत थोडाच उतरतो!

"तात्या, बदलतो मी. आजच बदलतो. पण घर मिळालं नाही की 'पत्ता सापडला नाही' असं लिहून आलं, तर लोक काय म्हणतील? याला येत नाही, असंच ना?"

तात्यांनी तळहाताने ओट्यावरचे आकडे पुसले. हात काळा झाला.

"तुम्ही टपाल वाटायचात, तेव्हा कधी म्हणालात, मला माहीत नाही म्हणून?" श्रीनाथने विचारलं.

"रोज."

"आणि लोक हसायचे नाहीत?"

"हसायचे की," तात्या म्हणाले. "आणि हसत हसत हिराबाईची सून मला घर दाखवायला रस्त्यावर येऊन उभी राहायची."