आतल्या बाजूचा पंजा

फार पूर्वी, खाडीवर अजून पूल नव्हता तेव्हा, तिच्या काठी हसाजी नावाचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी, तेली राहायचा. शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, त्याचा घाणा बंद. संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्या की तो दिवस संपे; त्याआधी तो बैलाला हात लावत नसे. एकदा धाकट्या भावाने, एलोजीने, दोनच चांदण्या पाहून बैल जुंपला. एवढ्यासाठी हसाजीने त्याला घराबाहेर काढले. एलोजी घाण्याच्या पडवीत राहू लागला.

वसंतात वल्हांडणाचा सण आला. घर झाडून झाले, आणि या सणात आंबवलेले काही चालत नाही म्हणून आंबट रसाच्या बरणीचे तोंड आठ दिवसांसाठी बांधले. बकऱ्याच्या रक्तात पंजा बुडवून तो कागदावर उठवला आणि कागद दाराला बाहेरून चिकटवला. ही खूण पाहून मरण घराला ओलांडून जाते, अशी त्यांची श्रद्धा.

संध्याकाळी सगळे ताटाभोवती बसले. या जेवणाला दार उघडे ठेवून म्हणायचे असते, ‘भुकेला असेल त्याने यावे.’ हसाजीने दाराला कडी घातली.

“अहो, आज दार लावत नाहीत,” बायको म्हणाली. “भावजी पडवीत उपाशी बसलेत.”

“म्हणूनच लावलं.”

आणि बंद दाराकडे तोंड करून त्याने ते शब्द खणखणीत आवाजात म्हटले. धन्य तो माणूस.

दिवा बारीक झाला. बायकोने दाराकडे बोट दाखवले. लाल पंजा दाराच्या आतल्या बाजूला होता, अजून ओला. हसाजीने तो पुसायला हात लावला. हात कोराच राहिला.

माजघरात अनवाणी पावले वाजली. घरातली सगळी माणसे तर ताटाभोवतीच होती. पावले एकेकाच्या पाठीमागून सावकाश फिरली आणि थोरल्या मुलामागे थांबली. त्याच्या हातातली भाकर गळून पडली.

“बाबा, मला थंडी वाजते,” तो म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते.

“पंजा आता दाराबाहेरच्याला राखतोय, आपल्याला नाही,” बायको म्हणाली. “भावजींना बोलवा.”

हसाजी घाबरला, आणि खरे सांगायचे तर त्याला लाजही वाटली. कडी काढून तो पडवीत धावला.

“भूक लागली असेल तर ये,” तो कसाबसा म्हणाला.

“तुझ्या हाकेचीच वाट बघत होतो, दादा,” एलोजी म्हणाला आणि उठला.

उंबऱ्यावर एलोजी जरा बाजूला सरला, कुणाला तरी वाट द्यावी तसा. पावले बाहेर निघून गेली. मुलाच्या ओठांवर रंग परतला. त्याच्या उजव्या हाताची बोटे मात्र जन्मभर गार राहिली, आणि हसाजी रोज संध्याकाळी ती आपल्या मुठीत धरून बसे.

भावासाठी बंद केलेले दार मरणाला अडवत नाही.