तीनशे काड्यांची बाग

पूर्वी हिमालयाच्या उतारावरील शीतगिरी नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तेथील राजोद्यानाच्या माळ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमक. केस पांढरे झाले तरी कुदळ त्याच्या हातून सुटली नव्हती.

त्याच नगरातील राजवैद्याची मुलगी पद्मिका सात वर्षे तक्षशिलेत वृक्षविद्या शिकून कार्तिकात घरी परतली. वाटभर तिने एकच चित्र मनात धरले होते: उतारावर जर्दाळूची दाट बाग, सावलीत बसलेला सोमककाका, आणि आपण त्याला नवी विद्या शिकवतो आहोत. प्रत्यक्षात तिला दिसल्या तीनशे काड्या. तीन वर्षांपूर्वी हिमकडा कोसळून जुनी बाग मुळासकट दरीत गेली होती. लोकांनी घराघरांतून जपलेल्या बिया गोळा केल्या, सोमकाने त्या रुजवल्या, आणि आता कुठे रोपे कमरेएवढी झाली होती. सुकवलेले जर्दाळू आणि त्याच्या बियांचे तेल यांवर त्या नगराचा हिवाळा निघत असे. म्हणजे नगराचे पुढचे सगळे हिवाळे त्या काड्यांत होते. आणि त्यांची पाने पिवळी पडून गळत होती.

पद्मिका धावतच सोमकापाशी गेली.

"काका, रोपं तहानेनं मरताहेत आणि तुम्ही पाटाच्या तोंडात दगड बसवलाय?"

"मरत नाहीत, पोरी. आवरताहेत."

"काय आवरताहेत?"

"घर. थंडी यायची आहे ना!"

म्हातारपणाचा हट्ट, असे पद्मिकेला वाटले. तिने वीस रोपे निवडली. त्यांना रोज घागरीने पाणी घातले, खत दिले, संध्याकाळी पेंढ्याने झाकले. शेजारी सलगमाच्या कंदांचा एक वाफा होता, त्यालाही तिने तसेच जपले. वीस दिवसांत त्या रोपांना पोपटी पालवी फुटली.

राजा ती पाहायला आला. पौर्णिमेला त्याचे व्याही येणार होते आणि ओसाड बाग त्याच्या डोळ्यांत सलत होती.

"अरे सोमका," राजा म्हणाला, "मुलगी काल आली आणि हिनं पानं आणून दाखवली. तू काय दाखवलंस? सरपण!"

सेवक हसले. राजाने मनगटातले सोन्याचे कडे काढले. "उद्या सकाळी पाट उघड, सगळ्या रोपांना खतपाणी दे. हे कडं तुझं. आणि पद्मिके, बाग हिरवी झाली की उद्यानाची अधिकारी तू."

सोमकाने हात जोडले. "महाराज, कडं मोठं आहे, पण माझ्या हाताला बसायचं नाही. कोवळं पान थंडी झेलत नाही. आज जागं केलेलं रोप पौषात उघड्यावर सापडेल."

"मग कुदळ खाली ठेव. पाट पद्मिका उघडेल."

सोमकाने पात्याची माती हाताने पुसली आणि कुदळ हळूच जमिनीवर ठेवली.

ते माती पुसणे पद्मिकेच्या मनातून जाईना. काकाची समजूत घालावी म्हणून ऊन उतरताच ती त्याच्या घरी गेली. सोमकाची बायको कुंभी चुलीपाशी होती.

"या अधिकारीणबाई! जमिनीवर बसता येतं ना अजून?" म्हणत तिने सलगमाच्या कालवणाचा वाडगा पुढे ठेवला.

पद्मिकेने घास घेतला. "काकू, यात मध घातलास?"

"मध? आमच्याकडे? मधमाश्यासुद्धा राजवाड्याकडेच वळतात हो!"

"मग इतकं गोड कसं?"

"गेल्या आठवड्यात तीन दिवस गोठलेलं दंव पडलं," सोमक म्हणाला. "दंव पडल्याशिवाय सलगम उपटायचा नाही, ही इथली रीत. विसरलीस?"

विसरली नव्हती. लहानपणी लवकर उपटला म्हणून तिने कुंभीकाकूचा धपाटा खाल्ला होता. "रीत आठवते. कारण कुणी सांगितलं नाही."

"नुसत्या पाण्याचं मडकं बाहेर राहिलं की गोठून फुटतं. गुळाचं पाणी तेवढ्या थंडीत गोठत नाही. पहिलं दंव हलकं चावतं, तेव्हा कंद सावध होतो. पोटातला पिठूळ साठा विरघळवून त्याची साखर करतो. आपल्यासाठी नव्हे बरं का. आपण फुटू नये म्हणून."

"आणि रोपं?"

"त्यांचंही तेच. पानातला कस फांदीत ओढून घेतात, मग पान सोडून देतात. फांदीतलं पाणी कमी करतात, रस घट्ट करतात, कोंबाच्या डोळ्यावर खवल्यांचं झाकण घालतात. मी पाणी तोडून एवढंच सांगितलं, की बाबांनो, वाढणं पुरे."

"मी पेंढ्यानं झाकीन की सगळी!"

"पौषात पेंढ्याखालचं पाणीही दगड होतं."

पद्मिकेने वाडगा खाली ठेवला. मग म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. तू ऐकायच्या हंगामात नव्हतीस."

कुंभी खुदकन हसली. पद्मिका मात्र उठली आणि तडक बागेत गेली. अजून उजेड होता. तिने आपल्या झाकलेल्या वाफ्यातला एक सलगम उपटला, पुसला आणि चावला. पाणचट. त्याला दंव माहीतच नव्हते. मग तिने सोमकाच्या एका रोपाची फांदी जवळ घेतली. प्रत्येक डोळा तपकिरी खवल्यांत घट्ट मिटलेला होता. तिच्या रोपांचे डोळे उघडे होते आणि त्यांतून तान्ह्या बाळाच्या कानासारखी मऊ पाने बाहेर आली होती. तक्षशिलेत तिने झाडांच्या एकशे वीस रोगांची नावे पाठ केली होती. झोप हा रोग नव्हे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल, तिने ऐकले नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा पाटावर आला, तेव्हा पद्मिका त्या दगडावरच उभी होती.

"उघड," राजा म्हणाला.

"नाही महाराज. वीस रोपं मी फसवली आहेत, ती बहुधा जातील. दोनशे ऐंशींना मी फसवणार नाही. पाहुण्यांना काड्याच दिसतील. त्यांना चैत्रात पुन्हा बोलवा."

"आणि अधिकारपद?"

"कुदळ ज्याची त्याला परत द्या. मला त्याच्या हाताखाली ठेवा."

एवढे बोलून ती खाली उतरली, ओल्या मातीचा गोळा उचलला आणि दगडाभोवतीच्या फटी आपल्या हातांनी लिंपू लागली. राजा पाटावरून मागे फिरला. मग त्याने कुदळ सोमकाकडे पाठवून दिली.

चैत्रात दोनशे ऐंशी रोपांना पालवी फुटली. विसांपैकी तीन बुडख्यापासून पुन्हा वर आली.

ही कथा सांगून भगवान शास्ते विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज दान देऊन उद्याच फळ विचारणारा आपला धनवान श्रेष्ठी. कुंभी म्हणजे त्याला हसून वाढणारी त्याची गृहिणी. पद्मिका म्हणजे ही भद्रिका भिक्षुणी, जिने काल मला विचारले की नुकतीच दीक्षा घेतलेली मुलगी, ती नवी श्रामणेरी, महिनाभर गप्प आहे, ती आतून वाळली तर नसेल ना. आणि सोन्याच्या कड्यासाठी झोपलेल्या रोपाला ज्याने उठवले नाही, तो माळी मीच होतो."

भद्रिकेने मान खाली घातली. त्या दिवसापासून तिने त्या मुलीला काही विचारले नाही, नुसती तिच्या शेजारी बसू लागली. धीराने वाट पाहण्याच्या या गुणालाच क्षांती म्हणतात.