कोंडाजीचा बोथट वस्तरा

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा बोरटेकच्या वरच्या गडावर दिवा लागायचा आणि गडाच्या पोटातल्या कोठडीत माणसं असायची. खाली गावात कोंडाजी न्हावी राहायचा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सोबतीला हत्यारांची एक धोपटी आणि तिच्यात एक वस्तरा. तो वस्तरा गालावरून कधी फिरला तेही कळायचं नाही, असं म्हणतात.

गावाची रीत अशी होती. कुणाच्या हातून गुन्हा घडला, की पंच चावडीवर बसायचे आणि आधी कोंडाजीला बोलावणं जायचं. त्याने गुन्हेगाराच्या गालावर वस्तरा फिरवायचा. केस निघाले नाहीत तर तो पोर. दोन छड्या आणि घरी. निघाले तर तो पुरा माणूस, आणि पुऱ्या माणसाला गडाची कोठडी. मधलं काही नव्हतंच. पंचांना मोठं सोपं पडायचं. न्याय गालावर उगवायचा म्हणा ना!

एकदा मेंढपाळाच्या हरबाला आणलं. वय एकोणीस. भांडणात डोकं फिरलं आणि त्याने शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवली. राग उतरल्यावर तोच रडत रडत पाणी मारत होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण चावडीवर पाटलाने विचारलं ते एवढंच.

"कोंडाजी, लागतो का वस्तरा?"

गालावर कोवळी लव होती. चार केस पात्याला चिकटले.

"लागतो, पाटील," कोंडाजी म्हणाला. खरं तेच बोलला तो. हरबा सात वर्षांसाठी गडावर गेला.

सुटला तो थेट कोंडाजीच्या ओट्यावर आला. दाढी छातीपर्यंत वाढलेली. कोंडाजीने पाणी लावलं, वस्तरा उचलला आणि थांबला. दाढीला बसलं की माणूस आपसूक डोळे मिटतो. हरबाचे डोळे सताड उघडे होते, पात्यावर लागलेले.

"मिट की डोळं, लेकरा."

"मिटत न्हाईत, काका. तिथं दरोडेखोरांत टाकलं हुतं मला. डोळं मिटलं की कुनाचा तरी हात गळ्याशी यायचा. मग मीबी त्येच शिकलो."

दाढी झाली. हरबाने तोंड पुसलं आणि डोंगराकडे चालू लागला, सुटून तिकडे गेलेल्या त्या दरोडेखोरांकडेच. दुसरं कोण ओळखीचं उरलं होतं त्याला?

त्या दिवसापासून कोंडाजीला करमेना. ओट्यावर गिऱ्हाईक असायचं, गप्पा रंगायच्या, आणि हा मात्र त्यात एकटा. ज्याची दाढी करावी, त्याच्या मिटलेल्या डोळ्यांच्या जागी त्याला ते उघडे डोळे दिसत.

मग तेल्याच्या सयाजीची पाळी आली. वीस वर्षांचा गडी; जत्रेतल्या मारामारीत त्याने एका शेतकऱ्याचा हात मोडला होता. कोंडाजीने गाल भिजवला, वस्तरा फिरवला. केस निघेनात. पुन्हा फिरवला, तरी एकही केस निघाला नाही. पाटलाने स्वतः फिरवून पाहिला, तेच. देवानेच धार काढून घेतली, असं म्हणतात. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी मात्र त्याच सकाळी कोंडाजीला कातळावर पातं उलटंसुलटं घासताना पाहिलं होतं, डोळे पुसत पुसत. त्या कधी बोलल्या नाहीत. मीही तुम्हालाच सांगतोय.

"मिशी तर दिसतीया," पाटील वैतागला. "ह्यो पोर न्हवं आन् मानूसबी न्हवं. करायचं काय ह्याचं?"

"माज्याकडं द्या," कोंडाजी म्हणाला. "ज्याचा हात मोडला त्येच्या शेतात राबंल, माज्या घरात ऱ्हाईल. वरसानं तुमीच बघा."

पंचांनी मानलं, पण चावडीवर खोटा ठरलेला वस्तरा गावात पुन्हा चालायचा नाही, अशी अट घातली. कोंडाजीने धोपटी गुंडाळली आणि गावाबाहेर टेकाडावर खोपट घातलं. लोक दाढीला शेजारगावी जाऊ लागले. त्याच्याशी बोलायला गावातलं कुणी उरलं नाही.

सयाजी वर्षभर राबला. शेवटी त्या शेतकऱ्यानेच त्याला आपल्या ताटाशेजारी जेवायला बसवलं. ते पाहून पंचांनी दुसरा पाठवला, तिसरा पाठवला, सगळे विशी-बाविशीतले, तापट. जो टेकाड उतरायचा तो संसाराला लागायचा आणि पुन्हा तिकडे फिरकायचा नाही. कोंडाजीला त्याचं बरं वाटायचं, आणि फार वाईटही वाटायचं.

खोपटासमोर तीन दगड होते. एक त्याचा, एक आलेल्या पोराचा. तिसऱ्यावर तो कुणाला बसू द्यायचा नाही. रोज तो डोंगरवाटेकडे बघत राहायचा. हरबा आला नाही. एका सकाळी कोंडाजी बसल्या जागीच गेला. डोळे वाटेकडे उघडे होते, आणि कुणी कितीही मिटले तरी ते मिटेनात, असं म्हणतात.

आजही बोरटेकात मुलाची पहिली दाढी त्या टेकाडावर होते आणि आधी बोथट वस्तरा गालावरून फिरतो. कुणा तरण्या पोराच्या हातून काही चुकलं, तर गाव त्याला तिथे नेतं. जाणता माणूस विचारतो, "लागतो का वस्तरा?" सगळे म्हणतात, "आजून न्हाई." मग गावातल्या कुणीतरी एकाने पुढे होऊन वर्षभर त्याला सांभाळायचं.

तिसरा दगड अजून रोज झाडून पुसून ठेवतात. हरबा आलाच, तर त्याला बसायला जागा हवी.