चारच हंस

फार जुन्या काळी बारा हंस लहान पक्ष्यांना पाठीवर बसवून प्रशांत महासागर ओलांडत आणि आशियाच्या किनाऱ्याला नेत. एका हिवाळ्यात प्रवासी घटले. म्होरक्या हंस म्हणाला, "बारांपैकी आठ पाठी रिकाम्या जातात. आजपासून चारच जण उडू."

चौघांच्या पाठी गच्च भरल्या. भर समुद्रावर धवल नावाच्या म्हाताऱ्या हंसाचा पंख आखडला. त्याच्या पाठीवरची मुनिया किंचाळली, "आजोबा, आपण खाली चाललोय!"

पूर्वी अशा वेळी शेजारचा हंस प्रवासी वाटून घेई. आज कुणाकडेच जागा नव्हती. शेवटी म्होरक्याने धवलचे सगळे प्रवासी आपल्याच भरलेल्या पाठीवर घेतले. लाटा त्याच्या पोटाला लागू लागल्या. हलका झालेला धवल कसाबसा मागून येत होता.

किनाऱ्यावर म्होरक्याने सगळ्यांना पाठीवरून उतरवले. "पुढच्या खेपेपासून बाराही जण उडू," एवढंच तो म्हणाला.